चोवीस कुंड्या की तीन? नैराश्यातल्या बागकामाचा एक प्रकरण अभ्यास

नैराश्यात असलेल्या माणसाला "जरा झाडांमध्ये मन रमवा" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणती झाडे, किती, दिवसातून किती वेळ आणि ती मेली तर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पुढचे प्रकरण त्या न सांगितलेल्या भागाविषयी आहे. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा घरांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून बांधलेले हे प्रातिनिधिक प्रकरण आहे, आणि त्यातले आकडे व घटनाक्रमही त्याच हिशेबाने वाचावेत.

परिस्थिती

गृहस्थ ५८ वर्षांचे. आयुष्य हिशेबाच्या कामात गेले, चार महिन्यांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहाटे चारला जाग येते आणि नंतर झोप लागत नाही, तरी अंथरूण सुटते ते दहा वाजता. वर्तमानपत्राची घडी मोडली जात नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. जेवण निम्म्यावर आले आहे. "माझा आता कोणाला काय उपयोग" हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकू येते. घरात पत्नी आणि नोकरी करणारा मुलगा. घर दुसऱ्या मजल्यावर. पूर्वेला सव्वा मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब बाल्कनी, तिथे सकाळी साधारण तीन तास ऊन येते.

मनोविकारतज्ज्ञांनी तपासले. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ ते ९ म्हणजे सौम्य नैराश्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० आणि त्यापुढे तीव्र. यांचे गुण १४ आले. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याला त्यांनी "काही दिवस" असे उत्तर दिले, म्हणजे १ गुण. तज्ज्ञांनी खोलात जाऊन विचारले: बेत नाही, तयारी नाही, पूर्वी कधी प्रयत्न नाही. तरीही हा एक गुण पुढे बागेची सगळी मांडणी ठरवणार होता.

सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदा समुपदेशन ठरले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू होती. या दोन गोळ्या एकत्र असताना, विशेषतः वाढत्या वयात, रक्तातले सोडियम उतरू शकते. म्हणून ते तपासायला सांगितले गेले. बागकामाच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला वाकून पटकन उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते आणि उन्हात घाम गेला की ती लवकर येते.

पहिला प्रयत्न

समुपदेशनात बागेचा विषय निघाला तो पत्नीकडून. "अहो, तुम्हाला पूर्वी झाडांची किती आवड होती!" हे मुलाने ऐकले आणि रविवारी चोवीस कुंड्या घरी आणल्या. आठ गुलाब, सहा टोमॅटो, चार मिरच्या, बाकी शोभेची झाडे. हेतूत काहीच खोट नव्हती. तीन आठवड्यांत चोवीसांतली नऊ झाडे उरली. बाल्कनीचा पडदा ओढला गेला तो ओढलेलाच राहिला. पुढच्या भेटीत गृहस्थ म्हणाले, "माझ्या हाताला यशच नाही. झाडंसुद्धा जगत नाहीत." प्रश्नावलीचे गुण १५ झाले.

एका गुणाच्या फरकाला तसा अर्थ नाही. त्या वाक्याला आहे.

झाडे का मेली हे आधी झाडांच्या बाजूने पाहिले. गुलाब, टोमॅटो, मिरची यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागते. बाल्कनीत तीनच तास होते, म्हणजे अठरा झाडे आली त्या दिवशीच चुकीच्या जागी आली होती. दुसरे कारण पाणी. "रोज सकाळी पाणी" असा नियम ठरला होता आणि प्रत्येक कुंडीखाली बशी होती. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात, कुजतात आणि मग पाणी ओढू शकत नाहीत. परिणामी माती ओली असूनही झाड मान टाकते. मान टाकलेले झाड पाहून माणूस आणखी पाणी घालतो, आणि उरलीसुरली मुळेही जातात. या घरात नेमके हेच झाले. खालची पाने पिवळी पडत होती, मातीवर बारीक काळ्या माश्या उडत होत्या. दोन्ही जास्त पाण्याच्या खुणा.

माणसाच्या बाजूची कारणे याहून महत्त्वाची. चोवीस कुंड्यांना दर वेळी बारा-पंधरा लिटर पाणी वाहून न्यायचे, आणि ते करणार कोण, तर ज्यांना अंघोळीलाही उठवत नाही असे गृहस्थ. निवड त्यांची नव्हती. फळ दिसायला वेळ लागणार होता. टोमॅटोचे रोप लावल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण ६० ते ८० दिवस जातात, आणि नैराश्यात पुढचा आठवडासुद्धा धूसर असतो. त्यातच घरातला प्रश्न: "बाबा, पाणी घातलं का?" विचारणाऱ्याला ती काळजी वाटते, ऐकणाऱ्याला हजेरी.

नैराश्यात मन पुरावे गोळा करत असते, आणि सगळे एकाच बाजूचे. मेलेले झाड हा हातात धरून दाखवता येण्याजोगा पुरावा. म्हणून नैराश्यातल्या माणसाच्या हाती झाड देताना पहिला विचार झाड मरण्याचा करायला हवा. बागकामाच्या गोडव्याविषयी लिहिणारे बहुतेक जण हा मुद्दा वगळतात, आणि आमच्या मते घरगुती प्रयत्न फसण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

बागकामाने मुळात काय होते

नव्या आखणीआधी घरच्यांना एक गोष्ट समजावली गेली. नैराश्यात माणूस कामे सोडतो. कामे सुटली की त्यांतून मिळणारे समाधान थांबते. समाधान थांबले की मन आणखी खचते, आणि उरलेली कामेही सुटतात. पीटर लेविन्सोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हे चक्र मांडले आणि पुढे त्यातून वर्तन सक्रियीकरण ही उपचारपद्धती उभी राहिली. तिचे सूत्र असे की मन लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेली लहान कृती करायची. मन मागून येते. बागकाम यात चपखल बसते, कारण कृती लहान तुकड्यांत पाडता येते, परिणाम डोळ्यांना दिसतो आणि झाड उलट बोलत नाही. सकाळचे ऊन आणि थोडी हालचाल वरकड मिळते. सकाळचा उजेड शरीरातले झोपेचे घड्याळ जागेवर आणायला मदत करतो.

दुसरा धागा लक्षाचा. रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांच्या मांडणीनुसार, जोर लावून एकवटलेले लक्ष थकते. हलणारी पाने, पाण्याचे थेंब, मुंग्यांची रांग अशा गोष्टी जोर न लावता नजर धरून ठेवतात, तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. २०१५ साली अमेरिकेत झालेल्या एका लहान प्रयोगात (३८ जण) निसर्गात ९० मिनिटे चालून आलेल्यांमध्ये स्वतःविषयीचे तेच ते विचार घोळवणे कमी झालेले आढळले. वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांमध्ये तसे आढळले नाही. नेदरलँड्समध्ये २०११ साली ३० बागकाम करणाऱ्यांना आधी ताण देणारे काम दिले आणि मग निम्म्यांना अर्धा तास बागेत, निम्म्यांना घरात वाचायला बसवले. ताणाचे संप्रेरक कॉर्टिसोल दोन्ही गटांत उतरले, बागेतल्यांत जास्त. मातीतल्या मायकोबॅक्टेरियम व्हॅकी या जिवाणूमुळे आनंद वाटतो असे सर्रास सांगितले जाते. त्यामागचे मूळचे काम उंदरांवरचे आहे, त्यावर माणसाची योजना आखू नये.

हे सगळे प्रयोग लहान आहेत आणि बहुतेक निरोगी माणसांवरचे. मध्यम नैराश्यात गोळी आणि समुपदेशन यांच्या जोडीला बाग, एवढेच त्यांच्या बळावर म्हणता येते.

सुरक्षिततेची बाजू

नवव्या प्रश्नातला तो एक गुण इथे उपयोगी पडला. बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर असल्याने ती वापरायची की नाही हे तज्ज्ञांनी जोखीम पाहून ठरवले. परवानगी मिळाली ती अटींवर. कुंड्यांचा टेबल भिंतीकडे, कठड्यापासून दूर. कठड्याजवळ पाय ठेवून चढता येईल असे स्टूल, पेटी, उलटी कुंडी काही नाही. कठड्याला बाहेरून कुंड्या टांगायच्या नाहीत. पहिले चार आठवडे सकाळच्या वेळी पत्नी आतल्या खोलीत, हाकेच्या अंतरावर. विचार वाढले तर बाल्कनी बंद आणि कुंड्या घरातल्या खिडकीत, हेही आधीच बोलून ठेवले.

रासायनिक कीटकनाशक घरात आणायचेच नाही. पहिल्या खरेदीत आलेली बाटली मुलाने त्याच दिवशी घराबाहेर काढली. कीटकनाशके हे जगभर आत्महत्येच्या प्रमुख साधनांपैकी एक आहे आणि ती हाताशी नसणे हा सिद्ध झालेला बचाव आहे. बागकामाच्या उत्साहात नेमके हेच कोणाच्या डोक्यात येत नाही. जास्त विषारी शोभेची झाडेही वगळली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मातीची पिशवी चेहऱ्यापासून लांब धरून उघडायची आणि माती आधी ओली करायची, कारण कुंडीच्या कोरड्या मातीच्या धुळीतून लिजिओनेला जातीचा जिवाणू फुप्फुसात जाऊ शकतो. हातमोजे घालायचे, काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत झाली आहे का ते पाहायचे. काम नऊच्या आत, शेजारी पाण्याचा पेला. टेबलाची उंची ७५ सेंटीमीटर, म्हणजे वाकावे लागत नाही. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी तर उन्हात घाम गाळण्याबाबत डॉक्टरांशी आधी बोलावेच. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातली लिथियमची पातळी धोकादायक चढू शकते. हे गृहस्थ ते घेत नव्हते.

नवी आखणी

उरलेल्या नऊ झाडांपैकी सात शेजारी दिली. ही पायरी अवघड गेली. मुलाला ती हार वाटली. पण मरणपंथाला लागलेली झाडे रोज समोर ठेवून नवी सुरुवात होत नाही. राहिली दोन: एक मनीप्लांट आणि एक स्नेक प्लांट. दोन्ही कमी उजेडात तगतात, आणि स्नेक प्लांटला दोन-तीन आठवडे पाणी मिळाले नाही तरी चालते. बाकी काहीही गेले तरी बाल्कनी रिकामी दिसू नये, हे त्यांचे काम.

पहिल्या आठवड्यात बागकाम नाहीच. सकाळी साडेसातला दार उघडायचे, खुर्चीत दहा मिनिटे बसायचे, दोन झाडांकडे पाहायचे. मनीप्लांटच्या वेलीचा तीन पेऱ्यांचा तुकडा, पेऱ्याच्या अर्धा इंच खाली कापून, पेलाभर पाण्यात ठेवून खोलीच्या खिडकीत ठेवला. किमान एक पेरे पाण्यात बुडलेले हवे, कारण मुळे पेऱ्यातूनच फुटतात. पाण्यात बुडणारे पान काढून टाकायचे, नाहीतर ते सडते. पाणी आठवड्याला बदलायचे. मुळे दोन-तीन आठवड्यांत दिसतात आणि काचेतून दिसतात, हा मुख्य फायदा. नुसते बघत बसण्याला मुलाने नाक मुरडले. रॉजर उलरिक यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याला सांगितला: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण ४६च होते, पण पाहण्यालाही मोल असते एवढे समजायला पुरेसे.

दुसऱ्या आठवड्यात मोहरीचे कोवळे कोंब. ही निवड मुद्दाम: मोहरी दोन-तीन दिवसांत उगवते आणि आठ-बारा दिवसांत कापणीला येते. पद्धत अशी. तळाला भोके असलेला २० बाय ३० सेंटीमीटरचा, ५ सेंटीमीटर खोल ट्रे. त्यात ३ सेंटीमीटर भिजवलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओलावा बरोबर आहे का हे मुठीत दाबून बघायचे; एक-दोन थेंब टपकले तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. त्यावर सहा ते आठ ग्रॅम मोहरी, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, एकावर एक दाणा न येता पसरायची. वरून माती नको. फवाऱ्याने भिजवायचे, दुसरा ट्रे किंवा पुठ्ठा झाकायचा. दिवसातून दोनदा फवारा. कोंब दोन सेंटीमीटर झाले की झाकण काढून उजेडात. पाच ते सात सेंटीमीटरला कात्रीने कापायचे. पाच-सहा दिवसांनी दुसरा ट्रे पेरायचा, म्हणजे एक कापला तरी दुसरा वाढत असतो. आणि एक बिघडला तरी सगळे संपत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पुदिना. दहा सेंटीमीटरची काडी, खालची पाने काढून पाण्यात. सात-दहा दिवसांत मुळे. मग २० सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीत. मिश्रण दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट. काठापासून दोन-तीन सेंटीमीटर रिकामे, नाहीतर पाणी बाहेर ओघळते. पाचव्या आठवड्यात झेंडूच्या बिया. पाच-सात दिवसांत उगवतात, पन्नास-साठ दिवसांत फूल. झेंडूलाही पाच-सहा तास ऊन असलेले बरे, तीन तासांत फुले कमी येतात. हे गृहस्थांना आधीच सांगितले. अपेक्षा आधी उतरवून ठेवली की दोन फुलेही पुरतात.

पाणी वारावर घालायचे नाही, बोटावर घालायचे. बोट मातीत दोन पेरांपर्यंत खुपसायचे. कोरडे लागले तर तळातून पाणी येईपर्यंत घालायचे, ओले लागले तर काही करायचे नाही. अर्ध्या तासाने बशीतले पाणी ओतून द्यायचे. "आज काही करायचं नाही" हाही वहीत कामाचा दिवस धरायचा. हिशेबनीस माणसाला ही नोंद मनापासून पटली.

प्रत्येक कामाच्या तीन पायऱ्या लिहून दाराला चिकटवल्या. बरा दिवस: बोट तपासणी, पाणी, फवारा, नोंद, पंधरा मिनिटे. मधला दिवस: फक्त फवारा. वाईट दिवस: दार उघडून एक मिनिट उभे राहायचे. तिसरी पायरी पाळली तरी दिवस पूर्ण. ही सवलत नसती तर पहिल्या वाईट दिवशीच योजना मोडली असती, कारण नैराश्यात "सगळे किंवा काहीच नाही" हा विचार फार जोरात असतो.

घरच्यांना एकच बंधन: "पाणी घातलं का?" विचारायचे नाही. बोलायचेच असेल तर दिसते ते बोलायचे. "अहो, पुदिन्याला नवं पान आलंय वाटतं" याला उत्तर दिले नाही तरी चालते, म्हणून बहुतेकदा उत्तर येते.

बारा आठवड्यांत काय घडले

पहिल्या आठवड्यात सातपैकी चार दिवस दार उघडले. त्यांतले तीन एक मिनिटाचे.

दुसऱ्या आठवड्यात, पेरणीच्या तिसऱ्या दिवशी, गृहस्थांनी पत्नीला ट्रे दाखवला आणि "बुरशी लागली, फेकून दे" म्हणाले. मोहरीच्या मुळांशी पांढरा कापसासारखा थर होता. ही बुरशी नसते बहुतेक वेळा. कोवळ्या मुळांवरचे केस असतात. ओळखायचे सोपे आहे: फवारा मारला की मुळांचे केस चिकटून दिसेनासे होतात, बुरशीचे जाळे तसेच राहते, ते कोकोपीटवरही पसरते आणि कुबट वास येतो. पत्नीने समुपदेशकांना विचारून फवारा मारायला सांगितले, थर नाहीसा झाला. पुढच्या भेटीत अर्धा वेळ यावरच गेला. पुरावा न तपासता "बिघडले" असा निकाल त्यांनी दिला होता, आणि तपासण्याची कृती दोन सेकंदांची होती. असेच निकाल ते फोन न उचलणाऱ्या मित्राबद्दल, मुलाच्या उशिरा येण्याबद्दल आणि स्वतःबद्दल देत होते. समुपदेशकाने नुसते शब्दांत सांगितले असते तर हे पटायला महिने लागले असते.

चौथ्या आठवड्यात एक ट्रे खरोखरच गेला. पहिल्या यशाने बी दुप्पट पेरले गेले आणि झाकण चार दिवस राहिले. कोंब बुडाशी बारीक, काळपट होऊन आडवे पडले. हा रोप कोलमडण्याचा रोग. दाटी, साचलेला ओलावा आणि कोंडलेली हवा या तिन्हींतून येतो. ट्रे रिकामा करून साबणाने धुतला, उन्हात वाळवला, कोकोपीट नवे घेतले. वहीत लिहायला सांगितले: काय झाले, कशामुळे, पुढच्या वेळी काय बदलणार. "माझ्यामुळे" हा शब्द चालणार नव्हता; "बी दोनऐवजी चार चमचे" चालणार होते. दुसरा ट्रे बाजूला हिरवा होता म्हणूनच हे लिहिणे शक्य झाले.

सहाव्या आठवड्यात चार दिवस तापात गेले. पुदिना वाळून कोलमडला. वरून पाणी घातले तर आकसलेल्या मातीच्या कडेने ते सरळ निघून जाते. म्हणून कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबमध्ये ठेवून खालून भिजवली, वाळक्या काड्या मातीपासून तीन सेंटीमीटरवर कापल्या. दहा दिवसांत नवे फुटवे आले. पुदिना हा या कामाला फार चांगला, कारण तो मेल्यासारखा दिसून परत येतो.

सातव्या आठवड्यात मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आला. एक लिटर कोमट पाण्यात आधी दोन मिलिलिटर द्रवरूप साबण आणि मग पाच मिलिलिटर नीम तेल ढवळून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारले. साबण नसला तर तेल पाण्यावर तरंगते आणि पाने भाजतात. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे, तेलाची बाटली मुलाकडे. आठवड्याने पुन्हा एकदा.

आठव्या आठवड्यातली अडचण उलट्या प्रकारची. गृहस्थ ताजेतवाने झाले आणि दहा कुंड्या आणायला निघाले. अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर अचानक ऊर्जा उसळणे, झोप कमी होऊनही थकवा नसणे, बोलणे आणि खर्च वाढणे हे उन्मादाचे लक्षण असू शकते; तसे दिसले तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवायचे. इथे झोप साडेसहा तासांवर सुधारली होती, बोलणे नेहमीचे होते. म्हणजे साधा उत्साह. त्याला नियम घातला: आहे ते सगळे दोन आठवडे जिवंत असेल तरच एक नवी कुंडी. कुरकुरले, पण मानले.

नवव्या आठवड्यापासून जवळच्या सार्वजनिक बागेत चालणे जोडले, आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ सालच्या पाहणीत आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले होते. वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. अर्थात बरे वाटते म्हणून लोक बाहेर पडतात, असाही तो संबंध असू शकतो. तिथे रोपवाटिकेत काम करणाऱ्या माळ्याशी त्यांची ओळख झाली आणि झेंडूच्या शेंडेखुडीवर चर्चा सुरू झाली. चार-पाच महिन्यांत घराबाहेरच्या माणसाशी आपणहून बोललेले हे पहिले बोलणे.

मोजमाप आणि त्याचा अर्थ

वहीत रोज चार आकडे होते: कामाआधी मन ० ते १०, कामानंतर मन ० ते १०, "बरं वाटलं" ० ते १०, "जमलं" ० ते १०. पहिले तीन आठवडे आधीचा आणि नंतरचा आकडा जवळजवळ सारखाच. घरच्यांचा धीर इथेच सुटतो. पण "जमलं" दुसऱ्या आठवड्यातच १ वरून ४ वर आले होते. "बरं वाटलं" पाचव्या आठवड्यानंतर हलू लागले. आनंद उशिरा परततो, जमल्याची भावना आधी. म्हणून सुरुवातीला "मजा येते का?" विचारणे म्हणजे चुकीच्या रकान्यात बघणे.

पीएचक्यू-९चे गुण सहाव्या आठवड्यात ११, बाराव्यात ७. पाच गुणांची घट वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण मानतात, त्यामुळे १५ वरून ७ ही चांगली घट आहे. नववा प्रश्न शून्यावर. यातले बागेचे किती? वेगळे काढता येत नाही. सर्ट्रालिनसारख्या गोळीचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे सुधारणा बरोबर त्याच काळात पडली. समुपदेशन चालू होते. काळही गेला. बागेच्या खात्यावर निश्चित टाकता येतील अशा गोष्टी कमी आहेत पण ठोस आहेत: दार उघडण्याचे दिवस आठवड्याला चारवरून सातवर आले, अंथरूण सुटायची वेळ दहावरून साडेसातवर आली, आणि समुपदेशनाला रोजच्या जगण्यातला कच्चा माल मिळाला. "बागेने बरे केले" असे घरचे म्हणू लागले तेव्हा त्यांना थांबवावे लागले, कारण त्या वाक्याचा पुढचा भाग "मग गोळ्या कशाला" असा असतो. गोळी बरे वाटू लागल्यावरही काही महिने चालू ठेवायची असते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवायची असते.

ही आखणी कोणाला लागू नाही, तेही स्पष्ट असावे. गुण २० किंवा त्यापुढे असतील, आत्महत्येचा बेत असेल, भास-भ्रम असतील, तर आधी उपचार, कुंडी नंतर. अस्वच्छतेच्या भीतीचा मंत्रचळ असेल तर मातीचे काम तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये. आणि ज्याला मातीत हात घालायला मुळात आवडत नाही त्याच्यावर बाग लादू नये. खिडकीत बसून पक्षी पाहणे किंवा झाडांखालून चालणे त्याला जास्त लागू पडेल.

बाराव्या आठवड्याला पुढच्या वर्षभरासाठी एक कागद तयार केला. कमी उजेडाच्या महिन्यांत कुंड्या पाचवरून दोनवर आणायच्या. घराबाहेर जाताना स्नेक प्लांट सोडून बाकी शेजारी ठेवायच्या. मोहरीचा एक ट्रे कायम. सलग तीन दिवस दार उघडले गेले नाही, किंवा पहाटेची जाग परत आली, तर पत्नीने समुपदेशकांना फोन करायचा; मरणाचे विचार परत आले तर वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात. कागदाच्या तळाशी तिघांच्या सह्या आहेत, आणि फोन नंबर ठळक अक्षरात.